मोहाच्या दिवसांतलं मागणं

मोह टपकायला लागला की आमच्या घरात दोन ठिकाणांहून राख येते. एक कपाळावरून आणि एक तळपायांवरून. कपाळावरची चर्चमधली, राखेच्या बुधवारची. आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आम्ही जे हातात धरून मिरवतो तेच सुकवून, जाळून फादर ती राख करतात. देवरीच्या जंगलात खऱ्या झावळ्या कुठल्या यायला? आम्ही शिंदीची पानं धरतो आणि देव ती चालवून घेतो. तळपायांची राख मोहाखालची. फुलं पडायच्या आधी झाडाखालचा पाला पेटवून जमीन काळी करून ठेवतात, म्हणजे पहाटे पडलेली फिकट फुलं त्यावर लगेच दिसतात. माझी बायको सुशीला ओलं फडकं घेऊन फरशीवरचे पाय पुसत फिरते आणि कोणती राख कोणाची हे न बघता सगळ्यांना सारखंच बोलते.

यंदाही मोह पडतो आहे. अंगणात ताडपत्रीवर फुलं वाळत पडली आहेत, त्यांचा तो गोड, जरा आंबूस वास उशीत, टॉवेलमध्ये, शाळेच्या डब्यातल्या पोळीतसुद्धा शिरला आहे. माझ्या बदलीने आलेल्या सहकाऱ्यांना हा वास पहिल्या वर्षी सहन होत नाही आणि दुसऱ्या वर्षी कळत नाही. मला तो कळतो. सात-आठ वर्षांपूर्वीच्या एका हंगामापासून तो मला जरा जास्तच कळतो.

आमचे आजोबा सीमेपलीकडून, छत्तीसगढातून, लाकूडतोडीच्या कामाला इकडे आले आणि इथेच राहिले. येताना गळ्यात क्रूस घेऊन आले. त्यामुळे गावात आम्ही मूठभर कॅथलिक घरं. बाकी पोवार, गोंड, कोहळी. तीजेला शेजारून प्रसाद येतो, नाताळात आमच्याकडून करंज्या जातात. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा चाळीस दिवसांचा उपासकाळ इथे हिंदीच्या वाऱ्याने ‘चालीसा’ झाला आहे. चालीसात प्रत्येक पोराने काहीतरी सोडायचं, त्याला ‘त्याग’ म्हणतात, आणि ते काय ते कोणाला सांगायचं नाही. सांगितलं की त्यागातला जीव गेला. आम्ही लहानपणी हे इतकं गुपित ठेवायचो की संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला ठाऊक असायचं. मी एका साली गूळ सोडला होता आणि आईने मुद्दाम गुळाच्या पोळ्या केल्या होत्या. चालीसा असला असतो, थोडा देवाचा आणि बराचसा पोरखेळाचा.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. दहावीला आनुवंशिकतेचा धडा आहे. फळ्यावर एक चौकोन काढायचा, त्याचे चार खाने करायचे, वर आईचं लिहायचं, डावीकडे बापाचं, आणि आत काय काय उतरू शकतं ते भरायचं. पोरांना हा धडा आवडतो कारण त्यात पाठांतर नाही. मलाही आवडायचा. आता मी तो एका तासात उरकतो आणि मुख्याध्यापकांना वाटतं, माझा अभ्यासक्रम लवकर पूर्ण होतो.

कारण ते चार खाने माझ्या घरात राहतात. मी आणि सुशीला, आमच्या दोघांच्याही रक्तात सिकलसेल आहे, पण अर्धा. आम्हाला त्याचा काही त्रास नाही. सरकारी दवाखान्याने आम्हाला पिवळी कार्डं दिली. पण ही कार्डं लग्नाआधी काढायची असतात हे शहाणपण आमच्या लग्नानंतर गावात आलं. चारांतल्या एका खान्यात दोन्ही अर्धे एकत्र येतात. आमची पहिली मुलगी अनिता, घरातली अन्नू, नेमकी त्या खान्यात जन्मली. तिचं कार्ड लाल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की या आजारात रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नळ्यांत अडकतात आणि मग हाडं दुखतात. कसं दुखतं ते मी सांगू शकत नाही. मी फक्त पाहिलं आहे. धान कापणाऱ्या मुलखाच्या रक्तात विळाच निघावा, असं एका भाषणात कोणीतरी मोठ्या कौतुकाने म्हटलं होतं. मला त्या माणसाला माझ्या घरी एक दुपार बसवायचं होतं. ऊन, थंडी, दमणूक, ताप, यातलं काहीही दुखणं घेऊन येतं, पण सगळ्यात आधी तहान. म्हणून आमच्या घरात पाण्याला फार मान. खिडकीत तांब्या, पलंगाखाली बाटली, दप्तरात दुसरी बाटली. अन्नू चालायला लागायच्या आधी ‘पानी’ म्हणायला शिकली.

ती आठेक वर्षांची असताना रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातून आली आणि चप्पल न काढता मला विचारू लागली. वर्गात सिस्टरांनी तो जुना प्रश्न शिकवला होता, माणूस कशासाठी घडवला गेला हा. मीही तो याच चर्चच्या ओसरीवर घोकला आहे. उत्तर सोपं आहे. देवाला ओळखायचं, त्याच्यावर माया करायची, त्याची सेवा करायची आणि शेवटी त्याच्याजवळ सुखात राहायचं. अन्नूने तिन्ही कामं बोटांवर मोजली.

“बाबा, ओळखतो मी. माया बी करतो. पन सेवा कायची करू? मी तं पडूनच राहतो.”

मी तिला काय सांगितलं आठवत नाही. काहीतरी शिक्षकी सांगितलं असणार. सिस्टरांनी मात्र पुढच्या रविवारी चांगलं उत्तर दिलं. म्हणाल्या, तुझं दुखणं देवाला अर्पण कर, तीच तुझी सेवा. त्या केरळच्या, मनाने लोणी, आणि चर्चमध्ये हे शतकानुशतकं सांगत आले आहेत. मोठ्या माणसाला त्या वाक्याने खरोखर बळ येतं. लहान पोरीच्या हातात ते दिलं तर ती त्याचं काय करील, याचा विचार कोणी केला नव्हता. मी तर नव्हताच केला.

मी म्हणतो त्या हंगामात, अन्नू बारा-तेरा वर्षांची असताना, सुशीला पुन्हा गरोदर होती. अन्नूनंतर इतक्या वर्षांनी. आम्ही ठरवलं नव्हतं, आम्ही उलट ठरवलं होतं. पण ठरवण्याचं आणि आमचं कधी जमलेलं नाही. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं. पोटातल्या बाळाची तपासणी करता येते. लवकर करावी लागते. लाल खाना निघाला तर काय करायचं ते तुम्ही दोघांनी ठरवायचं. त्या जराही दामटून बोलल्या नाहीत. परत येताना देवरीच्या बसमध्ये मी सुशीलाला म्हणालो, तपासून तर घेऊ. निदान कळेल.

“आनि मंग?” ती म्हणाली.

मी म्हणालो, मग पुढचं पुढे.

“पुढचं काय पुढं जी? लाल निघालं तं का मी त्याले नको म्हनू? अन्नू घरी बसून आहे, तिच्यासमोर? तिनं इचारलं तं तिले काय सांगू, का तुह्यासारखं होतं म्हनून ठेवलं नाही?”

बसमध्ये माणसं होती, तिने आवाजही चढवला नव्हता. चर्चची शिकवण मला पाठ होती. प्रत्येक जीव देवाने नावानिशी बोलावलेला असतो, तो कोणत्या खान्यातला हे बघून आपण त्याला परत पाठवायचं नसतं. पण सुशीला शिकवणीतून बोलत नव्हती. तिच्यासमोर एक पोरगी होती आणि त्या पोरीला तोंड दाखवायचं होतं. आम्ही तपासणी केली नाही. त्यानंतर आमच्या हातात करण्यासारखं काहीच उरलं नाही आणि चालीसा सुरू झाला.

फादर पास्कल तेव्हा आमच्याकडे होते. वसईचे, साठीचे, पान खाणारे, मोटरसायकल स्वतः उघडून स्वतः जोडणारे. एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते चर्चच्या पायरीवर वर्तमानपत्र पसरून गाडीचा प्लग घासत बसले होते. मी विचारलं, फादर, तुमची ती देवाची योजना, ती त्या चार खान्यांत कुठे बसते? देव खाना निवडतो की नाही निवडत?

“सर, देव झाडाला झाडासारखं वाढू देतो आणि रक्ताला रक्तासारखं वागू देतो,” ते म्हणाले. “तो वाईट इच्छीत नाही. होऊ देतो. आणि होऊ दिलेल्यातून काहीतरी चांगलं काढतो.”

“होऊ देणं आणि करणं, यात दुखणाऱ्याला काय फरक पडतो?”

“दुखणाऱ्याला नाही पडत.”

“मग हे पुस्तकी झालं, फादर.”

“पुस्तकीच आहे. चांगलं पुस्तक आहे, मी आयुष्य त्यावर काढलं. पण त्याच्याबाहेरचं तुम्ही विचाराल तर मला माहीत नाही.” त्यांनी प्लग उजेडात धरून पाहिला. “तुमच्यासाठी रोज मिस्सेच्या प्रार्थनेत मागतो, एवढं करतो.”

मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. माहीत नाही म्हणणारा फादर मी तोवर पाहिला नव्हता. घरी आलो तर सुशीला जपमाळ घेऊन बसली होती आणि अन्नू तिच्या पोटाला कान लावून. बाळ काय म्हणतं, मी विचारलं. झोपलं आहे, अन्नू म्हणाली, हळू बोला.

पहाटे सगळं गाव जंगलात जायचं. मोहाचं झाड ज्याच्या त्याच्या घराचं ठरलेलं असतं, आमच्या वाट्याला दोन. उजाडायच्या आधी जायचं नाही, कारण अस्वलाला मोह आपल्यापेक्षा जास्त आवडतो आणि त्याला कोणाचं झाड कोणतं ते ठाऊक नसतं. अन्नूला वाकून वेचणं झेपत नसे. ती टोपलीजवळ बसायची, फुलांतला पालापाचोळा काढायची आणि आमच्यावर मुकादमी करायची. “बाबा, तिकडं रायलं! आई, तू बस, तू नको वाकू!” त्या साली ती नेहमीपेक्षा शांत होती. शुक्रवारी तर फारच. मला वाटलं, मोठी होते आहे.

तिचा त्याग काय होता ते आम्हाला तेव्हा कळलं नाही, कारण ती आमच्यासारखी नव्हती. तिने गुपित खरंच गुपित ठेवलं. चर्चने पाण्याचा उपास कधी कोणाला सांगितलेला नाही, आजाऱ्याला तर उपासच नाही. हे तिला माहीत होतं. पण शेजारच्या पोवारांच्या पोरी तीजेला निर्जळा धरतात, दिवसभर पाण्याचा थेंब नाही, आणि त्यांची आजी सांगते की निर्जळ्याचं मागणं देवाला टाळता येत नाही. अन्नूने आमचा चालीसा घेतला आणि त्यात शेजारचा निर्जळा घातला. खिडकीतला तांब्या ती बागेत ओतायची आणि रिकामा जागेवर ठेवायची. दप्तरातली बाटली शाळेच्या नळाखाली. दर शुक्रवारी. आम्ही रिकामा तांब्या पाहून खूश व्हायचो.

गुड फ्रायडेला आम्ही क्रुसाची वाट चालतो. गावामागच्या टेकडीवर चौदा थांबे आहेत, चौदा दगड, प्रत्येकावर चुन्याने काढलेला क्रूस. दुपारचं ऊन, खाली पळसाची वाळकी पानं, पुढे फादर, मागे आम्ही, प्रत्येक दगडाशी गुडघे टेकायचे. येशू तिसऱ्यांदा पडतो त्या दगडाशी सगळे उठले आणि अन्नू उठली नाही. मला आधी वाटलं, प्रार्थना करते आहे. मग तिने दोन्ही हातांनी मांड्या धरल्या आणि तिच्या तोंडातून जो आवाज आला तो मी ओळखला. तिच्या ओठांना भेगा होत्या. सुशीला ओरडली, पानी, कोनी पानी द्या! तेव्हा लक्षात आलं की अन्नूची बाटली रिकामी होती आणि टेकडीवर दुसऱ्या कोणाकडेही पाणी नव्हतं. उपासाचा दिवस होता.

तिला पोवारांच्या पोराच्या मोटरसायकलवर मध्ये धरून खाली आणलं. देवरीहून गाडी केली, गोंदिया गाठलं. सलाईन लागलं, सुया झाल्या. ईस्टरची मिस्सा त्या साली आम्हाला मिळाली नाही. तिला बोलता येऊ लागलं तेव्हा मी विचारलं, काऊन केलं असं?

“बाळासाठी मांगत होतो,” ती म्हणाली आणि तोंड भिंतीकडे केलं.

सुशीला तिचे पाय दाबत होती, ती तशीच तिच्या पायांवर डोकं ठेवून रडली. मीही रडलो. बारा-तेरा वर्षांची पोर, आपलं जे झालं ते बाळाचं होऊ नये म्हणून तहानेने मरायला निघाली होती. गावभर झालं. सिस्टरांनी वर्गात सांगितलं. फादर पास्कल बघायला आले तेव्हा तिच्या उशाशी नुसते बसून राहिले. शेजारची कौसाबाई तर तिला नजर लागेल म्हणून मीठ-मिरच्या उतरवून गेली. अन्नू कोणाशीच बोलत नसे. लाजते आहे, सगळे म्हणाले. एवढं मोठं करून लाजते आहे.

योसेफ भर पावसात जन्मला. योसू. गोरा, गुटगुटीत, रडण्यात तरबेज. खात्रीची तपासणी थोडा मोठा झाल्यावर करायची होती, आणि तोवरचे महिने मी इतकी प्रार्थना केली की देवाने कंटाळून तरी ऐकावं. माझ्या मते आमच्या घराने या मागण्यासाठी पुरेसं दिलं होतं. हिशेब म्हणाल तर हिशेब. धान कापून झालं तेव्हा कागद आला. लाल.

शाळेतून येऊन मी ते घरात सांगितलं. सुशीलाने क्रुसाची खूण केली आणि बाळाला पदराखाली घेतलं. अन्नू उठून घरामागे गेली. बराच वेळ आली नाही. मी गेलो तर ती न्हाणीच्या भिंतीला टेकून उभी होती, रडत नव्हती. मी म्हणालो, तू तर किती केलंस बाई, आता त्याने नाही ऐकलं त्याला तू काय करशील. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं बोललो नाही. पोरीची श्रद्धा मोडली, असं मला वाटलं आणि माझीही मोडली. पुढच्या रविवारपासून चर्चमध्ये सगळे मिळून प्रार्थना म्हणतात तेव्हा ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ ही ओळ आली की मी गप्प बसतो. सुशीलाला ते कळतं. ती त्या ओळीला आवाज जरा वाढवते, दोघांचा मिळून.

नंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत, म्हणजे सगळ्या आजारी घरांसारखीच आहेत. फादर पास्कलांची बदली झाली. अन्नूच्या कमरेचं हाड खराब झालं, ती आता थोडी लंगडते. बाहेरून बारावी केली, बी.ए.चे पेपर देते. आणि योसू दुखायला लागला की आईला नाही, मला तर नाहीच नाही, ताईला हाक मारतो. तिला कळतं कुठे दाबायचं आणि कुठे हातही लावायचा नाही. केव्हा शेकायचं, केव्हा नुसतं जवळ पडून राहायचं. आम्ही तिला विचारून करतो.

“सर, देवाची लीला पाहा,” कौसाबाई एकदा दारातून म्हणाली. “पोरीले आंधी दुखनं देल्लं, म्हनून तं आता भावाले सांभाळते. त्याले सगडं मालूम राहते.”

मी तिच्यावर असा भडकलो की ती आठ दिवस आमच्या दारावरून गेली नाही. एका पोराची दाई हवी म्हणून दुसऱ्या पोरीची हाडं कुजवायची, ही कसली योजना? माझ्या शाळेत कोणी असं नियोजन केलं तर मी सही करणार नाही. पण रागाच्या खाली मला हेही दिसत होतं की कौसाबाई जे म्हणते ते घडत होतं. अन्नू खरोखर ते करत होती, आणि ते करताना तिच्या चेहऱ्यावर जे असे ते इतर वेळी नसे. मला ते पाहवत नसे आणि त्यावरून नजरही निघत नसे.

एक गोष्ट मात्र मला कोड्यात टाकायची. सिस्टर दर वर्षी तिला म्हणत, लहान मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग तू घे. तुझ्याइतकं कोणाला जमेल? अन्नू दर वर्षी नाही म्हणायची. वेळ नाही, कंबर दुखते, अभ्यास आहे. ती रोज प्रार्थना करते, हे मी पाहतो. मग नाही का म्हणते?

ते मागच्या आठवड्यात कळलं. योसूला गोंदियाला न्यावं लागलं. मोह वेचायला हट्टाने आला, उन्हात हुंदडला, संध्याकाळपासून हातपाय दुखू लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो सलाईनवर निजला. सुशीला त्याच्याजवळ होती. मी आणि अन्नू दवाखान्याच्या मागच्या पायऱ्यांवर सावलीत येऊन बसलो. टपरीवरचा चहा घेतला. मी आपला बोलायचं म्हणून बोललो, की तू त्याच्यासाठी जीव टाकते गं. तो पोटात होता तेव्हापासून. देवाने तेव्हा ऐकायला पाहिजे होतं.

अन्नूने कप खाली ठेवला.

“ऐकलं ना त्यानं, बाबा.”

मला समजलं नाही.

“मी बाळ चांगलं व्हावं म्हनून नोहोतं मांगलं. माझ्यासारखं व्हावं म्हनून मांगलं होतं.”

समोर रुग्णांचे नातेवाईक कपडे वाळत घालत होते.

“मले लय एकटं वाटे,” ती म्हणाली. ती रडत नव्हती, हळूहळू सांगत होती, जणू कोणाला औषधाची वेळ सांगावी. “तुमी दोघं माझ्याजवळ बसून रडत राहत. पन तुमाले दुखत नोहोतं. मले वाटे, कोनाले तरी असंच दुखावं. मंग मले सांगावं नाही लागनार. सिस्टर म्हनत, दुखनं देऊन मांगलं तं देव देते. मी पानी देल्लं. त्यानं योसू देल्ला. मंग सगडे मले संत म्हनू लागले. मी कोनाले सांगू?”

एवढी वर्षं. योसूच्या प्रत्येक दुखण्याला ती उठायची ती मायेनेच उठायची, यात मला शंका नाही. पण तिला वाटत होतं की हे तिने आणलं आहे. मी तिचा हात धरला. आणि मग मी जे मला येतं ते केलं. खिशातला पेन काढला, चहाच्या कागदी कपावर चौकोन काढला, चार खाने केले. तिला ते मी आधीही दाखवले होते, पण आता मी ते वकिलासारखे दाखवले. हे बघ, बाळ कोणत्या खान्यातलं ते गर्भ राहतो त्याच क्षणी ठरतं. तू निर्जळा धरलास तो चालीसात. त्याच्या किती आधीच योसूचं रक्त ठरलेलं होतं. तुझ्या मागण्याने काही झालेलं नाही. होऊच शकत नाही. हे विज्ञान आहे, यात वाद नाही. मला माझ्या आयुष्यात पहिल्यांदा त्या चार खान्यांबद्दल कृतज्ञता वाटली.

अन्नूने कप हातात घेऊन नीट पाहिला. ती हुशार आहे.

“पन बाबा, देवाले तं आंधीच मालूम राहते ना, मी पुढं काय मांगनार आहो ते? आपन मांगाच्या आंधीच त्यानं ऐकलं राहते. फादर पास्कलच सांगत.”

खरं होतं. ते चर्चचं अगदी शुद्ध शिक्षण आहे. देवासाठी काल आणि उद्या नाही, आजची प्रार्थना तो सृष्टीच्या आरंभीच ऐकून त्याप्रमाणे मांडणी करू शकतो. मीच तिला लहानपणी कौतुकाने समजावून सांगितलेलं असेल. माझ्या विज्ञानाने तिला जितकं सोडवलं होतं, तितकं एका वाक्यात पुन्हा बांधून झालं.

मी बसल्या बसल्या सगळ्या वाटा चाचपून पाहिल्या. देव ऐकतो म्हणावं, तर ही दोषी. लहान पोरीचं असलं मागणं तो देत नाही म्हणावं, तर तिने विचारलं असतं, मग हे कोणी दिलं, आणि न मागता का दिलं? त्याने फक्त होऊ दिलं म्हणावं, तर ते मला स्वतःलाच कधी पटलं नव्हतं. तिला मोकळं करायची एकच वाट मला दिसत होती आणि मी ती घेतली.

“तो ऐकत नाही, अन्नू,” मी म्हणालो. “कोणाचंच ऐकत नाही. तुझंही ऐकलं नाही. सोडून दे.”

तिने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात. योसूला सुई टोचतात तेव्हा ती त्याच्याकडे जशी पाहते तशी माझ्याकडे पाहत होती.

“असं नका बोलू, बाबा,” ती म्हणाली. “मंग आता मी योसूसाठी रोज मांगतो, ते कोनाले मांगू?”